राखेखालचा बाजार

पॉम्पेईत पहिली नजर जाते ती रस्त्यांवर. काळपट लाव्हाच्या मोठमोठ्या फरश्या आणि त्यांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, काही ठिकाणी चांगल्या खोल. दोन्ही बाजूंना उंच फुटपाथ, आणि मध्येच रस्त्यात आडवे मांडलेले दोन-तीन जाडजूड दगड. हौदांतून ओसंडणारं पाणी, खेचरांची लीद, घराघरांतलं सांडपाणी असं सगळं रस्त्यावरून वाहायचं आणि माणसं या दगडांवर पाय देत कोरड्या पायांनी पलीकडे जायची. गाडीची चाकं दगडांमधल्या फटींतून बरोबर निघत. कोपऱ्यावर सार्वजनिक हौद आहे. त्याच्या नळाशेजारचा दगडी कठडा एकाच जागी झिजलाय, कारण पाणी प्यायला वाकणारा प्रत्येक जण तिथेच हात टेकवत असे. मीही टेकवला. तळवा त्या खळग्यात चपखल बसला.

पॉम्पेई म्हटलं की आपल्यासमोर येतो तो इ.स. ७९चा ज्वालामुखी, राखेत गाडली गेलेली माणसं आणि एका क्षणात थांबलेलं शहर. माझ्याही मनात तेच होतं. पण तिथे हिंडताना मला भेटली ती एक चालती पेठ. पाव भाजणारे, कपडे धुणारे, माशांचा खारवलेला रस्सा विकणारे, निवडणुकीत एकमेकांची उणीदुणी काढणारे लोक. आणि या पेठेच्या एका घरात आपल्याकडची, बहुधा मराठवाड्याच्या मातीतली, एक हस्तिदंती बाईही राहत होती. खरं सांगायचं तर मी गेलो होतो तिच्याचसाठी.

नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनातून पॉम्पेईला लोकल जाते. रंगांच्या फवाऱ्यांनी चितारलेले डबे, दारात लोंबकळणारी पोरं, बॅगा सांभाळणारे प्रवासी. हार्बर लाइनवर वाढलेल्या माणसाला तिच्यात मुळीच परकं वाटत नाही. डाव्या खिडकीतून व्हेसुव्हियस सतत सोबत करतो. उंची १,२८१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी. त्याच्या उतारांवर घरं, द्राक्षमळे, इमारतींवर वाळत घातलेले कपडे. हा डोंगर शेवटचा फुटला तो मार्च १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना. आजही त्याच्या अति-धोक्याच्या पट्ट्यात सहा-सात लाख लोक राहतात. माझ्यासमोर बसलेल्या आजीबाई पूर्ण प्रवासभर डोंगराकडे पाठ करून शेंगा सोलत होत्या.

फोरममध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, एक मराठी ग्रुप भेटला. टूर मॅनेजरच्या हातात झेंडा, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. गुरूच्या, म्हणजे ज्युपिटरच्या, देवळाचे मोडके खांब आणि त्यांच्या बरोबर मागे उभा असलेला व्हेसुव्हियस असा फोटो प्रत्येकाला हवा होता. एका काकूंनी गाइडला विचारलं, “पण अहो, या लोकांना आधी काहीच कळलं नाही का?” गाइड घाईत होता. तो म्हणाला, “नो, नो, सरप्राइज!” आणि पुढे सरकला.

काकूंचा प्रश्न मात्र चांगला होता. सूचना मिळाली होती, पण कशाची ते कळलं नव्हतं. ७९च्या सतरा वर्षं आधी, ५ फेब्रुवारी ६२ रोजी, इथे मोठा भूकंप झाला. कॅसिलियस युकुंडस नावाच्या सावकाराच्या घरात त्या भूकंपाचं चित्र कोरलेली संगमरवरी पट्टी सापडली. तिच्यात देऊळ आणि कमान चक्क कलंडलेली दाखवली आहेत. लोकांनी पडझड दुरुस्त करायला घेतली, ती डोंगर फुटेपर्यंत चालूच होती. आज अर्ध्या रंगवलेल्या भिंती आणि चुन्याचे ढीग सापडतात ते त्यामुळे. भूकंप आणि डोंगर यांचा संबंध जोडायला मात्र कुणी धजलं नाही. कसं जोडणार? पिढ्यान्‌पिढ्या तो डोंगर हिरवागार होता. एका घरातल्या भित्तिचित्रात द्राक्षांचे घड पांघरलेला बॅकस हा मद्याचा देव आणि त्याच्या शेजारी शेंड्यापर्यंत हिरवा असलेला डोंगर रंगवलेला आहे. बहुतेकांच्या मते तो व्हेसुव्हियसच.

आपण सह्याद्रीतली माणसं ज्वालामुखीच्याच खडकावर जन्मतो, पण आपल्याला त्याची धास्ती नसते. दख्खनचा लाव्हा पातळ होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांमधून आला आणि थरावर थर पसरत गेला. त्याच्या बेसॉल्टमध्ये पुढे अजिंठा-वेरूळ कोरली गेली. व्हेसुव्हियसची जात निराळी. त्याचा शिलारस चिकट आणि वायूंनी भरलेला. वाट मिळेपर्यंत दाब साठत जातो आणि वाट मिळाली की खडकाचा चुरा होऊन तो आभाळात जातो. ७९ मध्ये दुपारी एकच्या सुमाराला असा स्तंभ उठला, तो सुमारे तीस किलोमीटर उंच गेला. वाऱ्याने त्याचा माथा आग्नेयेला, म्हणजे नेमका पॉम्पेईवर, ढकलला. मग पांढऱ्या-करड्या प्यूमिसचा पाऊस सुरू झाला. टाचा घासायला बाजारात मिळतो तोच हा हलका, सच्छिद्र दगड. तो तासाला वीतभर साचत गेला. संध्याकाळपर्यंत कौलं कोसळायला लागली. पहाटेपर्यंत दीड पुरुष उंचीचा थर जमला. या वेळेत बरेचसे लोक पळून गेले असणार, कारण गावाची वस्ती दहा-बारा हजार मानली जाते आणि आतापर्यंत सापडलेले मृतदेह अकराशेच्या वर आहेत. जे उरले त्यांचा घात सकाळी झाला. स्तंभ कोसळला आणि तापलेली राख नि वायू यांचे लोट डोंगर उतरून गावावरून गेले.

ही तारीख पूर्वी २४ ऑगस्ट सांगत. पण घरांत डाळिंबं सापडतात, दारूचे रांजण सील केलेले सापडतात, शेगड्या पेटवलेल्या सापडतात, आणि २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडली. आता पुष्कळ जण ऑक्टोबर मानतात. मला कोळशाचा पुरावा आवडला. घराचं काम चालू असताना कुणी तरी गवंडी-रंगाऱ्यासारखा माणूस भिंतीवर काही तरी खरडतो आणि दोन हजार वर्षांनी तेवढ्यावरून विद्वानांचं पंचांग बदलतं.

हे सगळं आपल्याला इतकं तपशिलात माहीत आहे ते एका मामा-भाच्यामुळे. थोरला प्लिनी हा मामा. तो पलीकडच्या मिसेनमच्या बंदरात आरमाराचा प्रमुख होता आणि ‘नॅचरल हिस्टरी’ या प्रचंड ग्रंथाचा लेखक. भाचा सतरा वर्षांचा. डोंगरावर छत्रीसारख्या पाइन झाडाच्या आकाराचा ढग दिसला, तेव्हा मामाने आधी कुतूहलापोटी होडी मागवली. मग मदतीचा निरोप आल्यावर मोठी गलबतंच पाण्यात लोटली. भाच्याला येतोस का विचारलं, तर भाचा म्हणाला, मला अभ्यास आहे. मामा स्टॅबिई गावात एका मित्राच्या घरी उतरला. सगळे घाबरलेले असताना त्याने स्नान केलं, जेवला आणि झोपला. दाराबाहेर लोकांना त्याचं घोरणं ऐकू येत होतं. सकाळी डोक्याला उशा बांधून सगळे समुद्रावर गेले. तिथे तो कोसळला तो उठलाच नाही. पंचवीसेक वर्षांनी भाच्याने हे सारं इतिहासकार टॅसिटसला पत्रातून कळवलं. ती दोन पत्रं म्हणजे ज्वालामुखीचं जगातलं पहिलं धड वर्णन. पृथ्वीविज्ञानात अशा स्फोटाला आजही प्लिनीचंच नाव लावतात.

या मामाची एक तक्रार लक्षात ठेवा. आपल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवलंय की हिंदुस्थान दर वर्षी रोमन साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, आणि तिथला माल इथे मूळ किमतीच्या शंभर पटीने विकला जातो. तक्रारीत अतिशयोक्ती असेल. पण त्याच्या नजरेसमोरच, मिसेनमच्या खाडीच्या पलीकडे, पोझुओलीचं बंदर होतं आणि अलेक्झांड्रियाहून येणारी जहाजं तिथे लागत. माल उतरताना तो पाहत असणार.

आता पेठेत चला. आबुंदान्झा नावाचा लांब रस्ता फोरमकडून सरळ पूर्वेला जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. खाण्याच्या ठेल्यांचे कट्टे विटा-चुन्याचे, वर संगमरवराचे तुकडे जडवलेले आणि त्यात रांजणांची तोंडं. वेटुटियस प्लॅसिडसच्या ठेल्यात अशाच एका रांजणात नाण्यांचा गल्ला सापडला, जवळपास तीन किलो. माणूस परत येणार होता, हे उघड आहे. २०२० मध्ये आणखी एक असाच ठेला पूर्ण उघडा झाला. त्याच्या कट्ट्यावर बदकं आणि कोंबडा इतका ताज्या रंगांत काढलाय की मेनूकार्डाची गरज नाही. रांजणांच्या तळाशी बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगाई यांचे अवशेष मिळाले. तिथल्याच एका चित्रातल्या कुत्र्याच्या चौकटीवर कुणी तरी अश्लील शेरा मारून ठेवलाय. दुकानदाराने तो पुसलेला नाही.

बेकऱ्या तीसेक. लाव्हाच्या खरबरीत दगडाची, डमरूच्या आकाराची जाती अंगणात उभी आहेत. ती गाढवं किंवा गुलाम फिरवत. मोडेस्टसच्या बेकरीच्या बंद भट्टीत ८१ पाव सापडले, कोळसा झालेले, पण आठ फाके पाडलेला गोल आकार जसाच्या तसा. दारूच्या एका दुकानात दराची पाटी होती. एका अ‍ॅसला साधी, दोनला बरी, चार मोजाल तर फालेर्नियन, म्हणजे उंची. चार अ‍ॅसचा एक सेस्टर्स. प्लिनीमामाचे पाच कोटी म्हणजे काय, याचा अंदाज इथे येतो.

आणि भिंती! निवडणुकीच्या घोषणा लाल-काळ्या रंगात, पट्टीच्या रंगाऱ्यांनी काढलेल्या, हजारोंनी. फळवाले अमक्याला पाठिंबा देतात, सोनार तमक्याला. बायकांना मत नव्हतं, तरी त्यांच्या नावाने पाठिंबे आहेत. व्हाटिया नावाच्या उमेदवाराला तर भुरटे चोर आणि रात्री उशिरापर्यंत पिणारे यांनीही जाहीर पाठिंबा दिलाय. हा विरोधकांचाच वात्रटपणा असणार.

यातलं माझं आवडतं राजकारण इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळाचं. भूकंपात पडलेलं हे देऊळ एका पॉपिडियस सेल्सिनसने स्वखर्चाने पायापासून पुन्हा बांधलं, असा दारावर शिलालेख आहे, आणि त्याबद्दल नगरसभेने त्याला विनामूल्य सदस्यत्व दिलं. सेल्सिनसचं वय तेव्हा सहा. खरा पैसा बापाचा, अ‍ॅम्प्लिएटसचा. बाप पूर्वीचा गुलाम, मुक्त झालेला. कायद्याने मुक्त गुलामाला पद घेता येत नसे, पण त्याच्या मुलाला येत असे. म्हणून पावती मुलाच्या नावाने फाडली. नगरपालिकेचं राजकारण पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे उलगडून सांगावं लागू नये.

गाव सापडलं कसं, तेही थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डोमेनिको फोंताना या वास्तुकाराने पाण्याचा कालवा थेट गावातून खणला. भिंती लागल्या, लेख लागले, तरी कालवा पुढे गेला. १७४८ मध्ये नेपल्सच्या बूर्बाँ राजाने खोदकाम सुरू केलं, तेही राजवाड्यासाठी मूर्ती आणि चित्रं मिळवायला. हे पॉम्पेईच आहे, हे १७६३ मध्ये एक शिलालेख मिळाला तेव्हा नक्की झालं. शिस्त आणली ती १८६०च्या दशकात ज्युसेप्पे फिओरेल्लीने. घरांना विभाग, गट आणि दार अशा क्रमांकांचा पत्ता दिला, तो आजही चालतो. आणि १८६३ मध्ये त्याने राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली.

ते प्लास्टरचे देह म्हणजे पॉम्पेईची सगळ्यांत मोठी गर्दी. काचेपाशी माणसं तीन-तीन रांगा करून उभी असतात. पाय आखडलेला माणूस, पट्टा न सुटल्याने तडफडलेला कुत्रा, एका बागेत एकमेकांजवळ पडलेले तेरा जण. मी तिथे फार थांबलो नाही. कुणी काहीही म्हणो, मला ते फोटो काढणं पटत नाही. दुसरं म्हणजे या देहांभोवती गाइड मंडळींनी शंभर-दीडशे वर्षं कथा रचल्या आहेत. सोन्याचं जाड कंकण घातलेली एक ‘आई’ आणि तिच्या मांडीवरचं मूल हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात निघालं की ती आई पुरुष आहे आणि त्या मुलाशी त्याचं काहीही नातं नाही. मग शेवटच्या रात्री एका अनोळखी पोराला त्याने जवळ का घेतलं असेल? मला तर ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

आता बाईकडे. आबुंदान्झा रस्त्यालगतच, प्लॅसिडसच्या नाण्यांच्या ठेल्यापासून जवळ, पहिल्या विभागाच्या आठव्या गटातलं पाचव्या क्रमांकाचं दार. नकाशावर नाव आहे, ‘हिंदी पुतळीचं घर’. घर काही श्रीमंतांच्या यादीतलं नाही. दोन दुकानांच्या मधून आत जाणारी बोळवजा वाट, मग अंगण, मग खोल्या. १९३८ मध्ये अमेदेओ माइउरी यांच्या खोदकामात इथे एका लाकडी पेटीच्या अवशेषांत ती मिळाली. माइउरींनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि जगभर ते नाव रूढ झालं. घरासमोर गर्दी नव्हती. आमच्या मराठी ग्रुपचा झेंडा दूर नाट्यगृहाच्या बाजूला दिसत होता. दुपारच्या जेवणाची वेळ झाली असणार.

बाई स्वतः तिथे नाही. ती नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. तळमजल्याच्या वर पॉम्पेईच्या फॉनच्या घरातून उचलून आणलेलं ते अवाढव्य मोझेइक आहे, सिकंदर आणि दारियस यांच्या लढाईचं. दारियसचा रथ वळतोय आणि एका पडलेल्या सैनिकाचा चेहरा त्याच्याच ढालीत उमटलाय. पाहणाऱ्याला तेवढं पुरे व्हावं. मी ते पाहून पुढे ‘गुप्त दालना’त गेलो. पॉम्पेईतल्या कामुक वस्तू तिथे ठेवल्या आहेत. १८१९ मध्ये युवराज बायको-मुलीला घेऊन संग्रहालय पाहायला आले आणि ओशाळले, म्हणून हे दालन कुलपात गेलं. सर्वांसाठी कायमचं उघडलं ते २०००च्या सुमारास.

आणि आपली बाई या खोलीत ठेवलेली! ती विवस्त्र आहे म्हणून. सांची किंवा कार्ल्याच्या लेण्यातली युगुलं पाहिलेला माणूस यात काय चावट शोधेल, मला कळत नाही. उंची वीतभरापेक्षा थोडी अधिक, २५ सेंटिमीटरच्या आसपास. हस्तिदंत पिवळट-तपकिरी झालंय. एक पाय दुसऱ्यावर तिढा घातलेला, एक हात मागे नेऊन दागिन्याशी चाळा करणारा. हातांत मनगटापासून वरपर्यंत चुडा, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला, पाठीवर जड वेणी. दोन बाजूंना दोन ठेंगण्या दासी प्रसाधनाची भांडी धरून उभ्या. माथ्यातून खाली आरपार छिद्र आहे, म्हणजे ती सुटी मूर्ती नव्हती. आरशाची मूठ किंवा एखाद्या नक्षीदार तिवईचा पाय असावी. लक्ष्मी तर ती नक्कीच नव्हे. हातात कमळ नाही, हत्ती नाहीत. यक्षी म्हणा, नटलेली नायिका म्हणा. काचेवर कपाळ टेकवून मी तिच्या बांगड्या मोजू लागलो, तेव्हा पहारेकरीण जवळ येऊन खाकरली.

ती आली कुठून? तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे आणि खरोष्ठी वायव्येकडची लिपी, म्हणून काही अभ्यासक गांधाराच्या बाजूचा मार्ग धरतात. पण तिच्या अगदी जवळच्या बहिणी महाराष्ट्रात सापडल्या आहेत. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, १९७०च्या दशकातल्या उत्खननात. तुटलेली आहे, खालचाच भाग उरलाय, पण दोन बाजूंच्या ठेंगण्या दासींसकट. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं थेट भरहुत आणि सांचीच्या लेखांत आहेत, आणि सांचीच्या दक्षिण तोरणावरचं कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केल्याचं लिहिलेलं आहे. दुसरी बहीण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची. तीही हस्तिदंताची, तशीच दागिन्यांनी लवलेली. राहता राहिली खरोष्ठी. तर नाशिक-जुन्नरच्या मुलखावर राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीबरोबर खरोष्ठीही आहे. म्हणजे ही लिपी वाचणारे लोक तेव्हा आपल्याकडेही होते. माझं मत भोकरदनच्या बाजूचं आहे. ते पुराव्यापेक्षा थोडं पुढे जातं, हे कबूल.

वाटही ठाऊक आहे. पहिल्या शतकातच एका अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रमार्गाचं टिपण लिहिलं. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं तो सांगतो. रस्ता म्हणावा असा नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोचला येतो. पैठणचा अकीक, तगरचं साधं कापड आणि मलमल. पुढे मोसमी वाऱ्यावर जहाज तांबड्या समुद्रात. मग उंटांवरून नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया. तिथे चौथाई जकात, आणि चौथाईचं नवल मराठी माणसाने करू नये. शेवटी पोझुओली. तिथून पॉम्पेई एका दिवसाच्या टप्प्यात. भडोचच्या वाटेवर ज्या गाडीने ही बाई निघाली असेल, तिच्या चाकांनाही अशाच चाकोऱ्या मिळाल्या असतील का, ते सांगता येत नाही. आपल्या मातीत त्या टिकत नाहीत.

उलट दिशेनेही माल आला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी, देखणी मूर्ती मिळाली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तेरला दारूच्या रोमन कुंभांची खापरं मिळाली आणि रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकंही. गळ्यात घालायची, भोक पाडलेली. सम्राटाचं तोंड असलेलं पदक मराठवाड्यातली कुणी तरी पोर मिरवत होती, हे काही पाच कोटी सेस्टर्सच्या हिशेबात धरलेलं नसणार.

पॉम्पेई आज सासष्ट हेक्टर आहे. त्यातला एक तृतीयांश भाग मुद्दामच न खोदता पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलाय. १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांचे बाँब त्याच्यावर पडले, पुढे पावसात भिंती कोसळल्या, तरी त्याला पैसा मिळतो, डागडुजी होते, माणसं जगभरातून येतात. तगर कुठल्या डोंगराने गाडलं नाही. ते हळूहळू आटलं. व्यापार हलला, विटा उपसून लोकांनी घरं बांधली, पांढरीची माती शेतात गेली. असं मेलेल्या गावाला तिकीट लागत नाही. मला हा निव्वळ अन्याय वाटतो. दोन्ही गावं एकाच बाजाराची दोन टोकं होती आणि आपण विमानाने जाऊन एकच पाहतो.

म्हणून ज्यांना पॉम्पेईला जायचंय त्यांनी जरूर जावं, नेपल्सच्या संग्रहालयाला अर्धा दिवस वेगळा ठेवावा आणि गुप्त दालनात आपल्या बाईला भेटून यावं. आणि ज्यांना इतक्यात जमणार नाही त्यांनी, किंबहुना जमणार असेल त्यांनीही, आधी तेरला जावं. धाराशिवहून फार लांब नाही. गोरोबाकाकांच्या दर्शनाला तुम्ही जाताच. तसेच पुढे त्रिविक्रमाच्या देवळात जा, चैत्याच्या आकाराचं ते विटांचं बांधकाम आपल्याकडच्या सर्वांत जुन्या देवळांपैकी एक आहे. मग रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जा. लामतुऱ्यांनी आयुष्यभर गावातून आणि शेतांतून जमवलेल्या हजारो वस्तू तिथे आहेत. मणी आणि मातीची पदकं बघा, आणि तिथल्या माणसाला म्हणा, “दादा, ती हस्तिदंताची बाई कुठे आहे हो?”